काउंटी शासन (अमेरिका)

अमेरिकेतील राज्याच्या खालच्या स्तरावरील प्रादेशिक शासनसंस्था. स्थानिक उपविधी करणे, रस्ते व पूल राखणे, मालमत्ता कर गोळा करणे, तुरुंग, निवडणुका, जमिनीचे दस्तऐवज आणि सार्वजनिक आरोग्य ही तिची नेहमीची कामे होत. देशात काउंट्या व त्यांच्या समकक्ष एककांची संख्या ३,००० हून अधिक आहे. लुइझियानात त्यांना पॅरिश, तर अलास्कात बरो म्हणतात. टेक्ससमध्ये २५४ काउंट्या आहेत, डेलावेअरमध्ये फक्त ३. २०२० च्या जनगणनेत लॉस अँजेलिस काउंटीची लोकसंख्या १ कोटीच्या वर भरली. टेक्ससमधील लव्हिंग काउंटीत ६४ माणसे नोंदली गेली. नकाशावर काउंटी आपल्या जिल्ह्यासारखी दिसते. कारभाराच्या दृष्टीने मात्र ती जिल्हा परिषदेला अधिक जवळची आहे. जिल्हाधिकाऱ्यासारखा वरून नेमलेला प्रमुख तिथे नसतो. बहुतेक ठिकाणी शेरीफही (काउंटीचा पोलीस प्रमुख) मतदारच निवडतात.

उगम : इंग्लंडमधील शायर (shire, जुना प्रशासकीय विभाग) ही काउंटीची पूर्वपीठिका होय, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो अमेरिकेतील सुरुवातीबद्दल. व्हर्जिनिया वसाहतीची १६३४ मध्ये आठ शायरांत विभागणी झाली आणि त्यांचा कारभार इंग्लंडमधील शायरांप्रमाणे चालावा असे ठरले. यावरून इंग्लिश संस्था जशीच्या तशी उचलून आणली गेली, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार १६३४ ची विभागणी म्हणजे आधीच चालू असलेल्या व्यवस्थेवर उमटवलेली मोहोर होती. वसाहतीच्या विधिसभेने १६२४ मध्येच दूरच्या वस्त्यांसाठी मासिक न्यायालये सुरू केली होती. किरकोळ तंट्यांसाठी राजधानी जेम्सटाउनपर्यंत खेप पडू नये, हा त्यामागचा हेतू. १६३२ च्या रस्तेविषयक कायद्यातही रस्ता कोठून न्यायचा हे ठरवण्याचा अधिकार गव्हर्नर व त्याचे मंडळ, मासिक न्यायालयांचे आयुक्त किंवा पॅरिशमधील (येथे चर्चच्या हद्दीतील) रहिवासी यांना दिलेला दिसतो. म्हणजे न्यायालय आणि रस्ता ही दोन्ही कामे शायरांच्या सीमा आखण्यापूर्वीच एका हाताखाली येऊ लागली होती. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. आजही अनेक काउंट्यांत प्रशासकीय मंडळाची सभा न्यायालयाच्या इमारतीतच भरते आणि टेक्ससमधील अशा मंडळाला ‘कमिशनर्स कोर्ट’ म्हणतात, हा याच परंपरेचा अवशेष असावा.

उत्तरेकडे क्रम उलटा होता. न्यू इंग्लंडमध्ये नगरे आधी आली. मॅसॅच्युसेट्समध्ये १६४३ मध्ये काउंट्या झाल्या, पण त्यांच्याकडे न्यायदानापलीकडे फारसे आले नाही. न्यूयॉर्कमध्ये प्रत्येक नगराचा एक पर्यवेक्षक मिळून काउंटीचे मंडळ बने, तर पेनसिल्व्हेनियात संपूर्ण काउंटीतून थोडे आयुक्त निवडण्याची रीत पडली. पश्चिमेकडे सरकणाऱ्या वसाहतकऱ्यांनी या दोन्ही रीती सोबत नेल्या. इलिनॉयमध्ये तर उत्तर भागात पहिली आणि दक्षिण भागात दुसरी रुजली.

अधिकार व उपविधी : काउंटी स्वतःच्या अधिकारात काय करू शकते, हा कळीचा प्रश्न आहे. आयोवाचे न्यायाधीश जॉन डिलन यांनी १८६८ मध्ये मांडलेल्या तत्त्वानुसार स्थानिक संस्था ही राज्याची निर्मिती असून राज्याने दिले तेवढेच अधिकार तिला असतात. मिशिगनचे न्यायाधीश टॉमस कूली यांनी १८७१ मध्ये उलट मत नोंदवले : स्थानिक स्वशासन हा जनतेचा मूळचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९०७ मध्ये डिलन यांच्या बाजूने कौल दिला. हे खटले मुख्यतः शहरांसंबंधीचे होते, पण काउंटीला हा नियम अधिकच काटेकोरपणे लागला. कायद्याच्या दृष्टीने डिलन यांचे तत्त्व टिकले. व्यवहारात कूली यांचा विचार अधिक फलदायी ठरला, कारण पुढे अनेक राज्यांनी काउंट्यांना स्वतःची सनद (कारभाराचा मूलभूत नियमसंग्रह) करण्याची मुभा दिली. कॅलिफोर्नियाने १९११ मध्ये, मेरीलँडने १९१५ मध्ये ही वाट मोकळी केली. मेरीलँडमधील माँटगोमेरी काउंटीने १९४८ मध्ये सनद स्वीकारली. त्या राज्यातील ती पहिली.

उपविधीचा मसुदा मांडणे, जाहीर सूचना, जनसुनावणी आणि मतदान असा क्रम सर्वसाधारणपणे असतो. सुनावणीत नागरिकाला ठरावीक, बहुधा दोनतीन मिनिटे बोलता येते. हा थोडा वेळ मोलाचा आहे. शेजारच्या शेतावर वसाहत होऊ द्यायची की नाही, असे निर्णय इथेच होतात. शहरांच्या हद्दीबाहेरच्या वस्त्यांना काउंटीखेरीज दुसरे स्थानिक शासन बहुधा नसतेच.

रस्ते : वसाहतकाळात रस्त्याचे काम वेठीने होई, धडधाकट पुरुषांना वर्षातले काही दिवस कुदळ-फावडे घेऊन हजर राहावे लागे. मोटारी आल्यावर ही पद्धत निकामी ठरली. मिशिगनमध्ये वेन काउंटीच्या रस्ते आयोगाने १९०९ मध्ये डेट्रॉइटजवळ वुडवर्ड अव्हेन्यूवर एक मैल काँक्रीटचा रस्ता केला. रस्त्याच्या मधोमध पांढरी रेघ आखण्याची कल्पनाही याच आयोगाचे एडवर्ड हाइन्स यांची, असे साधारणतः मानले जाते (१९११).

मंदीच्या काळात खर्च झेपेना, तेव्हा काही राज्यांनी काउंट्यांचे रस्तेच ताब्यात घेतले : उत्तर कॅरोलायनाने १९३१ मध्ये, व्हर्जिनियाने १९३२ मध्ये. व्हर्जिनियातील आर्लिंग्टन आणि हेनरायको या काउंट्या मात्र बाहेर राहिल्या आणि आजही आपले रस्ते स्वतः राखतात. परिणामी शेजारच्या फेअरफॅक्स काउंटीत (लोकसंख्या ११ लाखांवर, मराठी कुटुंबेही बरीच) घरासमोरच्या गल्लीत खड्डा पडला किंवा बर्फ साचला, तर तक्रार राज्याच्या परिवहन विभागाकडे जाते. काउंटीचे निवडून आलेले मंडळ लोकांच्या रोषाचे धनी होते, यंत्रे मात्र राज्याची. जबाबदारी आणि अधिकार यांची अशी फारकत स्थानिक लोकशाहीला घातक आहे.

मध्यपश्चिमेत चित्र वेगळे आहे. आयोवाच्या ९९ काउंट्यांकडे खडीच्या रस्त्यांचे विस्तीर्ण जाळे आहे आणि प्रत्येक काउंटीला परवानाधारक अभियंता लागतो. वाहतूक अगदी तुरळक असलेला रस्ता ‘ब’ स्तरात टाकता येतो. अशा मातीच्या रस्त्याच्या तोंडाशी किमान देखभालीची, स्वतःच्या जोखमीवर जाण्याची पाटी असते. मिशिगनमध्ये हिवाळा संपताना जड वाहनांच्या भारावर मर्यादा येते. वरचा थर वितळतो, खालची जमीन गोठलेलीच राहते आणि मध्ये अडकलेल्या पाण्यामुळे रस्त्याचा पाया मऊ पडतो. एरवी सहज पेलणाऱ्या ट्रकने तेव्हा डांबर उखडते. अशा सूचना, तसेच मोऱ्या व पूल बंद असल्याची माहिती, शेतकरी आणि दूधवाहतूकदार बारकाईने पाहतात.

लोकसेवा : आरोग्य, वृद्धसेवा, लसीकरण, कचरा, उद्याने यांची व्याप्ती राज्यागणिक बदलते. ग्रंथालयसेवेतील एक उदाहरण उल्लेखनीय आहे. मेरीलँडमधील वॉशिंग्टन काउंटीच्या ग्रंथपाल मेरी टिटकोम यांनी १९०५ मध्ये घोडागाडीतून शेतवाड्यांपर्यंत पुस्तके पोहोचवण्यास सुरुवात केली. फिरत्या ग्रंथालयाचा हा अमेरिकेतील पहिला प्रयोग मानतात. १९१० मध्ये रेल्वेच्या धडकेत ती गाडी मोडली. पुढे मोटारगाडीतून सेवा पुन्हा सुरू झाली.

विसर्जन : सर्वच राज्यांनी ही व्यवस्था टिकवलेली नाही. ऱ्होड आयलंडमध्ये काउंटी ही केवळ भौगोलिक विभागणी आहे. कनेक्टिकटने १९६० मध्ये काउंटी शासन रद्द केले. तेथील जनगणनेसाठी २०२२ पासून काउंट्यांऐवजी नियोजन विभाग धरले जातात.