रंगाचं नाव माणसाला चिकटतं तेव्हा

यिडिश ही पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा. घडण जर्मन वळणाची, लिपी हिब्रू. दुसऱ्या महायुद्धापूर्वी ती एक कोटीहून अधिक लोक बोलत. रंगांची नावंही जर्मन घराण्यातलीच: रोयट लाल, ग्रीन हिरवा, गेल पिवळा, श्वार्त्स काळा.

माणसाला लावले की हेच शब्द वेगळे वागतात. तांबूस केसांचा माणूस यिडिशमध्ये ‘गेलर’, म्हणजे चक्क पिवळा. अमेरिकेत नुकताच उतरलेला, तिथल्या रीतीभाती न कळणारा नवखा ‘ग्रीनर’. आणि सावळ्या, देखण्या व्यक्तीसाठी एक फार सुंदर जोडशब्द आहे: ‘श्वार्त्स-खेनेव्हदिक’. ‘खेन’ म्हणजे लावण्य, हा भाग हिब्रूतून आलेला.

‘श्वार्त्सर’चं मात्र वाईट झालं. 1881 ते 1924 या काळात पूर्व युरोपातून सुमारे 20 लाख ज्यू अमेरिकेत आले. त्यांच्या बोलण्यातून हा शब्द इंग्रजीत शिरला, पण एकटाच. काळा कोट, काळे केस, काळा पाव हे सगळे साधे अर्थ यिडिशमध्येच राहिले. इंग्रजीत उरला तो कृष्णवर्णीय माणसाचा हेटाळणीचा उल्लेख. तो शब्द आज अपमानकारकच मानला जातो, आणि ते योग्य आहे. यिडिश वृत्तपत्रांत आता ‘आफ्रो-अमेरिकानर’ असं लिहिलेलं आढळतं.

वर्णनाचं नाम झालं की काय होतं, याचा एक मासला मानसशास्त्रात सापडतो. सुसान गेलमन आणि गेल हेमन यांनी 1999 मध्ये पाच व सात वर्षांच्या मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. ‘ती सारखी गाजरं खाते’ असं सांगण्याऐवजी ‘ती गाजरखाऊ आहे’ असं सांगितलं, की ही सवय कायमची आहे असं मुलांना जास्त वाटे. सवयीचं जर असं, तर कातडीच्या रंगाचं विचारायलाच नको! म्हणून ‘काळा’ म्हणून थांबण्यापेक्षा पुढे ‘माणूस’ जोडणं मला महत्त्वाचं वाटतं. यिडिशमध्ये तो शब्द ‘मेंच’, आणि भला, सचोटीचा माणूस असाही त्याचा अर्थ होतो.

आदरासाठी यिडिशमध्ये आणखीही एक वाट आहे. अंध व्यक्तीला ‘सागी-नोहेर’ म्हणतात. हिब्रूच्या नात्यातल्या अरामाइक या जुन्या भाषेत मूळ अर्थ ‘भरपूर प्रकाश असलेला’. याच शब्दावरून हिब्रूत अशुभ टाळण्यासाठी उलट बोलण्याच्या पद्धतीला नाव पडलं. बांगडी फुटली तरी आपण ‘वाढवली’ म्हणतो, तीच ही पद्धत.