खिशातला चाकू

खिशातला चाकू : पाते मुठीत घडी होऊन बसणारा, तळहातात मावणारा, रोज जवळ बाळगता येण्याजोगा लहान चाकू. पात्याची लांबी साधारण 5 ते 8 सेंटिमीटर आणि वजन 20 ते 50 ग्रॅमच्या आसपास असते. सुरी ओट्यावर राहते, विळा-कोयता शेतात राहतो. हा चाकू मात्र माणसाबरोबर फिरतो, आणि त्याचे सगळे महत्त्व या फिरण्यात आहे. कपाटात जपून ठेवलेला दहापट भारी चाकू सिंहगडाच्या वाटेवर काकडी चिरायला येत नाही. त्यामुळे खिशात जाणवणार नाही इतका लहान आणि हरवला तर जीव हळहळणार नाही इतका साधा असणे, हाच या वस्तूचा पहिला गुण समजावा.

पुण्यात अशा चाकूला दिवसभर काम पडते. महात्मा फुले मंडईतून घेतलेला पेरू तिथेच कापून वाटून घेता येतो, कुरियरच्या खोक्याची चिकटपट्टी उघडता येते, सासवडकडच्या अंजिरांच्या पेटीची सुतळी तोडता येते. गणपतीत तोरणाचा दोरा आणि दुर्वांच्या जुडीचे बांधलेले टोक, दसऱ्याला झेंडूच्या माळांचे दोरे, ट्रेकला सॅकच्या पट्ट्याचे निघालेले धागे हीही त्याचीच कामे. चित्रकलेचे आणि वास्तुकलेचे विद्यार्थी पेन्सिलचे टोक चाकूनेच करणे पसंत करतात, कारण शार्पनरमधून एकाच आखूड मापाचे टोक निघते. चाकूने शिसे हवे तितके लांब उघडे करता येते आणि छटा देण्यासाठी ते आडवे धरता येते. यातले एकही काम असे नाही की ज्यासाठी कोणी मुद्दाम हत्यार विकत घेईल. पण अशी कामे एकामागून एक येत राहतात, आणि जवळ चाकू नसला की दात, नखे आणि किल्ली यांच्यावर वेळ निभावते.

लहानशी धार अंगावर बाळगण्याची सवय मराठी माणसाला नवी नाही. पान-सुपारीच्या चंचीत चुन्याच्या डबीशेजारी अडकित्ता असे, आणि तो फक्त सुपारीपुरता असला तरी मालकाच्या हातात बसून बसून गुळगुळीत झालेला असे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात असे अडकित्ते मोठ्या संख्येने पाहायला मिळतात: पितळी, लोखंडी, पक्ष्यांच्या आणि माणसांच्या आकारांचे. रोजच्या वापराच्या वस्तूवर कारागीर किती जीव लावत असे, हे त्या दालनात उभे राहिले की कळते. खिशातला चाकू त्याच घराण्यातला आहे, फक्त त्याच्यावर नक्षी नसते.

घडीचा चाकू ही कल्पना फार जुनी आहे. ऑस्ट्रियातील हॉलश्टाट येथे लोहयुगातील, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा घडीचा चाकू सापडला आहे, आणि रोमन लोकही असे चाकू वापरीत. पण शेतकऱ्याच्या आणि कामगाराच्या खिशाला परवडणारा चाकू मोठ्या प्रमाणावर बनू लागला तो एकोणिसाव्या शतकात, पोलाद स्वस्त झाल्यावर. फ्रान्सच्या साव्हुआ प्रांतात जोसेफ ओपिनेल याने 1890 मध्ये लाकडी मुठीचा साधा चाकू घडवला. 1897 मध्ये त्याची 1 ते 12 क्रमांकांची मालिका आली. पाते पक्के अडकवणारी फिरती कडी त्यात 1955 मध्ये बसवली गेली. बाकी मूळ रचना आजही तीच आहे. स्वित्झर्लंडमध्ये कार्ल एल्झनर याने 1884 मध्ये कारखाना काढला, 1891 पासून सैन्याला चाकू पुरवले आणि 1897 मध्ये अधिकाऱ्यांसाठीच्या हलक्या चाकूची नोंदणी केली. व्हिक्टोरिनॉक्स म्हणून ओळखला जाणारा लाल चाकू त्यातूनच आला. जपानमधील मिकी शहरातला हिगोनोकामी तर याहूनही साधा: दुमडलेल्या पत्र्याची मूठ, एक पाते, एक खीळ. तिथल्या कित्येक पिढ्यांनी शाळेत त्यानेच पेन्सिली तासल्या.

सर्वांत प्रचलित प्रकारात चाकू उघडा ठेवण्याचे काम मुठीच्या पाठीत बसवलेली पोलादी पट्टी करते. पाते एका खिळीवर फिरते. पात्याच्या मुळाशी, म्हणजे टाचेला, सपाट बाजू तासलेल्या असतात. पाते फिरवताना टाचेचा कोपरा पट्टीला वर ढकलतो, पट्टी ताणली जाते, आणि सपाट बाजू समोर येताच ती खटकन खाली बसते. तो आवाज स्वच्छ आला आणि उघडे पाते डावी-उजवीकडे हलले नाही, तर चाकू नीट बनलेला आहे असे समजावे. यात कुलूप नाही. पाते फक्त पट्टीच्या दाबावर उभे असते, म्हणून पाठीवर उलटा जोर पडला तर ते बोटांवर मिटते. टोकाने भोसकणे, उचकटणे, डबा उघडण्यासाठी पिळणे ही कामे या चाकूची नव्हेत. उघडण्यासाठी पात्यावर नख अडकवायची खाच असते आणि दोन्ही हात लागतात. एका हाताने फटकन उघडणारे चाकू बाजारात पुष्कळ आहेत, पण चारचौघांत पेरू कापायला चाकू सावकाश दोन हातांनी उघडला की शेजारच्याला दचकायला होत नाही. आपल्याकडे हे महत्त्वाचे आहे. उत्तर प्रदेशातील रामपूरच्या चाकूने हिंदी चित्रपटांत जी भीती कमावली, आणि अलीकडे पुण्यात कोयत्याच्या गुन्ह्यांच्या ज्या बातम्या येतात, त्यांमुळे धारदार वस्तू दिसली की लोकांच्या मनात शंका येते. ती शंका गैर नाही; चाकू जवळ बाळगणाऱ्याने तिचा मान ठेवावा.

पाते पातळ असावे. जाड पाते मजबूत वाटते, पण कैरीत घुसल्यावर ते पाचरीसारखे वागते आणि फोड चिरण्याऐवजी फोडते. पाठीशी दीड-दोन मिलिमीटर जाडी आणि तिथून धारेकडे निमुळता होत जाणारा काप, एवढे असले की टोमॅटोची सालही न दाबता कापली जाते. एकापेक्षा जास्त पाती, पक्कड, कात्री, दातकोरणे यांनी चाकू जाड होतो. जाड झाला की खिशात टोचतो, आणि टोचणारा चाकू चार दिवसांत घरी राहू लागतो. एक पाते, फार तर दोन, यापुढे जाऊ नये असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

पोलादाची निवड पुण्याच्या हवेशी जोडलेली आहे. साध्या कार्बन पोलादाला धार चटकन लागते, पण ते गंजते. कैरी किंवा लिंबू कापले की त्यावर करडी-निळसर छटा चढते. लोखंडी विळीवर कैरी चिरणाऱ्या घरांना हे ओळखीचे आहे. ही छटा अपायकारक नसते, उलट तांबड्या गंजापासून पात्याला थोडे संरक्षण देते. स्टेनलेस पोलादात साधारण साडेदहा टक्क्यांहून अधिक क्रोमियम असते, त्याची पातळ ऑक्साइडची साय पृष्ठभागावर धरते आणि गंज रोखते. जून ते सप्टेंबर गडांवर भिजणाऱ्याने स्टेनलेस घ्यावे. लाकडी मुठीच्या चाकूची पावसाळ्यात आणखी एक गंमत होते: लाकूड ओल धरून फुगते आणि पाते खाचेत इतके घट्ट बसते की नखाने निघत नाही. तेव्हा मुठीचे मागचे टोक एखाद्या टणक कडेवर हलकेच आपटायचे, पाते थोडे बाहेर येते. साव्हुआतले लोक ही युक्ती पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले आहेत. उन्हाळ्यात लाकूड आकसते आणि चाकू पुन्हा सैल चालतो.

खिळीला थेंबभर तेल पुरते. घरात खोबरेल असते, पण सुमारे 24 अंशांखाली ते थिजते, आणि डिसेंबरातल्या पुण्याच्या सकाळी खिळीत थिजलेले तेल पाते जड करते. करडई किंवा सूर्यफुलाचे तेल हवेत राहून चिकट होते. शिवणयंत्राचे तेल सर्वांत बरे. फळ कापल्यावर पाते पुसून, कोरडे करून मगच मिटावे, कारण साखरेचा रस मुठीत गेला तर मुंग्या येतात आणि खीळ धरते.

धार लावण्याची कला पूर्वी शिकलगारांकडे होती. शस्त्रांना धार आणि चकाकी देणे हा त्यांचा परंपरागत व्यवसाय. आज गल्लीत सायकलीवर दगड फिरवत येणारे धारवाले घरच्या सुऱ्या-कात्र्या उत्तम करून देतात. परंतु वेगाने फिरणाऱ्या कोरड्या दगडावर या चाकूचे पातळ पाते लगेच तापते. कडेला निळी छटा उमटली, म्हणजे तापमान 300 अंशांच्या घरात गेले आणि पोलादाचे पाणी, म्हणजे कडकपणा, उतरले. तिथे धार टिकत नाही. म्हणून घरीच, दोन बाजूंच्या, म्हणजे एक बाजू भरड आणि एक बारीक असलेल्या, कार्बोरंडमच्या (धार लावण्याच्या कृत्रिम) दगडावर काम करावे. असा दगड बोहरी आळीत हत्यारांच्या दुकानात मिळतो. दगड ओला करावा, पाते 15 मिलिमीटर रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून सुमारे 4 मिलिमीटर उचलावी. त्याने साधारण 15 अंशांचा कोन होतो. कोन न बदलता, साय कापल्यासारखे पाते पुढे न्यावे. एका बाजूचे काम पुरे झाले की दुसऱ्या बाजूने अंगठा धारेच्या आडवा, पाठीकडून कडेकडे हळूच नेल्यास बारीक खरखर लागते. ती उलटलेली कड. ती पूर्ण लांबीभर लागल्याशिवाय बाजू बदलू नये. शेवटी बारीक दगडावर हलके हात आणि मग न्हाव्याच्या वस्तऱ्याप्रमाणे चामड्याच्या पट्ट्यावर, धार मागे ठेवून, काही फेरे. वर्तमानपत्राचा कागद धरून चिरला आणि काप कुठे न अडखळता गेला, की धार लागली.

कायद्याच्या दृष्टीने घरगुती, शेतकी, वैज्ञानिक वा औद्योगिक कामासाठी न बनवलेली, 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारे शस्त्र अधिनियम, 1959 खालील नियमांच्या यादीत येतात. खिशातला चाकू त्या मापांच्या कितीतरी आत आहे. तरीही महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 37 (1) खाली पोलीस आयुक्त मनाई आदेश काढतात, तेव्हा सार्वजनिक ठिकाणी चाकू बाळगण्यावरही बंदी येते, आणि त्यात पात्याच्या लांबीची सवलत गृहीत धरता येत नाही. पुण्यात सण, मोर्चे आणि निवडणुकांच्या काळात असे आदेश वरचेवर निघतात. त्या दिवसांत चाकू घरीच ठेवावा. शाळा, न्यायालय आणि तपासणी असलेल्या कोणत्याही इमारतीत तो नेऊ नये. लोहगावहून विमानाने जाताना तो हातातल्या बॅगेत चालत नाही. आधीच आठवणीने मोठ्या बॅगेत टाकून ती काउंटरवर द्यावी, नाहीतर तपासणीच्या टेबलावर तो सोडून द्यावा लागतो.