बाळंतविडा (सातारा व सांगली)

बाळंतीण आणि तिचे तान्हे यांच्यासाठी नातेवाईक व शेजारणी घेऊन येतात तो आहेर म्हणजे बाळंतविडा. ही रीत महाराष्ट्रभर आहे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत पहिले बाळंतपण माहेरी करण्याचा शिरस्ता असल्याने ती अजून चांगली टिकून आहे. डोहाळजेवण उरकले की लेक माहेरी येते. मुंबई-पुण्याला संसार असलेल्या पाटण, जावळी, माण, खटावच्या मुलीही गावी येतात. बाळ झाल्याचे कळले की ‘खारीक-खोबरं घेऊन जाऊन यायला पाहिजे’ असे घराघरांत सुरू होते. विड्याचे खरे मर्म या दोन जिनसांत आहे, कारण त्या आईसाठी असतात.

बाळाच्या वाट्याला झबली, टोपडी, कुंची, लंगोट, दुपटी आणि एखादी वाकळ, म्हणजे गोधडी, येते. वाकळ आजीच्या जुन्या सुती लुगड्याची असेल तर उत्तम. धुऊन धुऊन मऊ झालेले ते कापड कोऱ्या कपड्यासारखे कोवळ्या कातडीला टोचत नाही. आईसाठी साडी-चोळी किंवा खण-नारळ, आणि त्यासोबत डिंक, खारीक, सुके खोबरे, गूळ, तूप, अळीव, मेथ्या, सुंठ, ओवा, बाळंतशेपा. जेवणानंतर तोंडात टाकायला सुपारी करून देतात. नावाला सुपारी, तिच्यात भाजलेला ओवा, बाळंतशेपा, बडीशेप, तीळ आणि खोबऱ्याचा कीस असतो.

विड्याचा मानकरी म्हणजे डिंकाचा लाडू, आणि तो करणारीचा हात त्यात लगेच कळतो. डिंकाचे खडे आधी उन्हात वाळवायचे. तूप चांगले तापले की एका वेळी चिमूटभर डिंकच टाकायचा, म्हणजे तो लाहीसारखा फुलतो. घाई करून मूठभर टाकला तर तूप निवते, खडा आतून कच्चा राहतो आणि दातांना चिकटतो. मग भाजलेले खोबरे, तुपात परतलेली खारकेची पूड, खसखस, बदाम, ऐपत असेल तर गोडंबी, आणि वरून जायफळ. गूळ कराडकडचा किंवा शिराळा-वाळव्याकडचा. तो नुसता विरघळू द्यायचा. पाक पुढे गेला तर लाडू दगडासारखा होतो आणि अंग ठणकत असलेल्या बाईला तो फोडत बसावे लागते. अळिवाचे लाडू याहून सोपे. अळीव नारळाच्या पाण्यात भिजवून फुगले की ओले खोबरे आणि गूळ घालून शिजवायचे. त्यांनी दूध वाढते अशी समजूत आहे. अळिवातून लोह मिळते हे खरे, पण दूध वाढते ते मुख्यतः बाळाला वरचेवर पाजल्याने.

रोजचे जेवण गावागणिक बदलते. माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी पट्ट्यात बाजरीची भाकरी दुधात किंवा तुपात कुस्करून देतात. पाटण-जावळीच्या डोंगरात नाचणीची पेज आणि मऊ भात. कृष्णाकाठी भात, मेतकूट, तूप, शेपूची नाहीतर मेथीची भाजी. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या जिल्ह्यात बाळंतिणीच्या रात्रीच्या दुधात हळद असणारच. तासगाव-मिरजेकडचे बेदाणे भिजवून देतात, पोट साफ राहायला. सामिष घरांत मटणाचे अळणी हा खास पदार्थ. कांदा, आले-लसूण, हळद, मीठ लावून मटण भरपूर पाण्यात शिजवतात आणि रश्शाला तिखट पडण्याआधी वरचे पाणी वाटीत काढून घेतात. गरम अळणीत भाकरी चुरून खाल्लेल्या बाईला नुसत्या वरण-भाताने तरतरी येत नाही, असे सगळ्या आज्या सांगतात. पायाचे सूपही असेच घरोघरी होते.

खाण्याइतकेच सुख न्हाण्याचे. न्हाऊ घालणारी बाई सकाळी येते, आधी आईच्या कमरेला, पाठीला, पोटऱ्यांना कोमट तेल चोळते, मग कढत पाण्याचे हांडे ओतते. त्यानंतर ओवा-शेपांची धुरी आणि बाजेखाली शेगडी. उबेने अंग मोकळे होते याबद्दल दुमत नाही, मात्र कोळशाची शेगडी दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत ठेवू नये. तिच्यातून निघणारा विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो आणि तो आईच्या व बाळाच्या जिवावर बेततो. पोट शिवलेले असेल तर चोळणे डॉक्टरांना विचारून. ‘पाणी कमी पी, पोट सुटेल’ हा सल्लाही आता सोडून द्यावा. पाजणाऱ्या बाईला तहान जास्त लागते. पहिला चीक, म्हणजे बाळंतपणानंतरचे पहिले घट्ट दूध, पिळून टाकण्याची जुनी रीत तर बाळाचे सरळ नुकसान करणारी होती. बाळाला जन्मल्यापासून तासाभरात छातीशी लावावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

पाचवीला पाटा-वरवंटा मांडून सटवाईची पूजा होते, बाराव्या दिवशी किंवा सोयीने पुढे बारसे, आणि त्या दिवशी घुगऱ्या वाटतात. बाळंतविडा बहुतेक याच दिवशी पोचतो. सव्वा महिना बाळंतिणीने चुलीकडे जायचे नाही, पाण्याचा हंडा उचलायचा नाही. शिवाशिवीची कल्पना त्यात मिसळलेली होती, ती गेलेलीच बरी. पण सासर-माहेरच्या कुणालाही मोडता येणार नाही अशी विश्रांती बाईला याच नियमाने दिली.

अलीकडे शहरांतल्या दुकानांत पारदर्शक पिशवीतला तयार बाळंतविडा मिळतो. त्यात झबली, टोपी, मोजे, पावडर, खुळखुळा, सगळे बाळाचे. घरात एकाच मापाची दहा झबली साठतात, महिन्याभरात ती आखूड होतात, आणि आईसाठी कुणी पावशेर खारीकही आणलेली नसते. हे बरे नव्हे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था (आयसीएमआर-एनआयएन) यांच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज ६०० किलोकॅलरी जास्त लागतात, पुढचे सहा महिने ५२०. तुपातला डिंकाचा लाडू ही गरज भागवायला चांगला हातभार लावतो. साखरेचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तिथे तूप-गुळाचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. लोहाच्या गोळ्याही बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात, लाडू खाल्ले म्हणून त्या थांबवू नयेत.

सरकारी दवाखान्यात १ जून २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत जेवण मिळते: साध्या बाळंतपणाला तीन दिवसांपर्यंत, सिझेरियन असेल तर सात दिवसांपर्यंत. घरी परतल्यावर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. जुना सव्वा महिना आणि या भेटी जवळपास एकाच मुदतीच्या आहेत.

याच दोन जिल्ह्यांत साखर कारखान्यांच्या हंगामात बीड-मराठवाड्याकडून ऊसतोडणीच्या टोळ्या उतरतात. त्यांतल्या काही बायका फडाजवळच्या (उसाच्या शेताजवळच्या) कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, बाळंत होतात आणि सव्वा महिना तर सोडाच, काही दिवसांतच पुन्हा मोळ्या उचलू लागतात, कारण खाडा झाला की उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम, फिटत नाही. त्यांचे माहेर शेकडो किलोमीटर लांब, आणि स्तनदा मातेला सहा महिने मिळणाऱ्या शिध्यासाठी नाव असते गावाकडच्या अंगणवाडीत. कोपीवर लाडवांचा डबा, जुन्या लुगड्याची वाकळ आणि हांडाभर कढत पाणी कुणी पोचवले तर तोही बाळंतविडाच. फडाशेजारच्या गावातल्या बायकांना हे सहज जमण्यासारखे आहे.