बक्षिसी आणि सेवा-मजुरी (खान्देश)

बक्षिसी : ठरलेल्या दामाखेरीज ग्राहकाने राजीखुशीने काम करणाऱ्याच्या हातावर ठेवलेली रक्कम. शब्द मूळचा फार्सी. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत तिची नावे जागेप्रमाणे बदलतात. हॉटेलात ती ‘टीप’ असते, हमालाच्या तोंडी ‘चहापाणी’ आणि लग्नघरी ‘खुशी’. नावाबरोबर मागण्याची रीतही बदलते. टीप कुणी मागत नाही, चहापाणी नुसते सुचवले जाते, खुशी मात्र नवरदेवाच्या बापाला अडवून हक्काने घेतली जाते.

मजुरी आणि वरकड देणे यांची जुनी सांगड या भागात सालदारीत दिसते. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतकऱ्याकडे राहिलेला गडी. मराठवाड्यात सालगड्याचे वर्ष गुढीपाडव्याला सुरू होते, खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. सालाची रक्कम, उचल, धान्य, कपडे हे सारे तेव्हा तोंडी ठरते. घासाघीस भरपूर होते. पण एकदा ठरले की धान्य आणि कपडे ही मालकाची मेहेरबानी राहत नाही, ते बोलीतच आलेले असते. सालदारी काही सुखाची नव्हती. उचल फिटली नाही की गडी पुढच्या सालालाही त्याच दारात अडकतो. तरी ‘वरचे’ किती हे आधी ठरवण्याची ही सवय आजच्या हॉटेल-व्यवसायापेक्षा सरळ म्हणावी लागेल.

सुरत-धुळे-जळगाव महामार्गावरच्या ढाब्यांत शेवभाजी आणि भरीत वाढणाऱ्या पोऱ्याला पगाराबरोबर बहुधा जेवण आणि झोपायला जागा मिळते. पगाराचा विषय निघाला की मालकाचे उत्तर तयार असते : ‘वर मिळतंच की.’ म्हणजे गिऱ्हाईक जे देईल ते पगारातून आधीच वजा झालेले. कायद्यात या वजाबाकीला जागा नाही. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात ती आहे : टीप मिळवणाऱ्या कामगाराला मालक तासाला २.१३ डॉलर इतकेच देऊ शकतो (हा आकडा १९९१ पासून हललेला नाही), मात्र टीप धरून ७.२५ डॉलर भरले पाहिजेत. भारतात १९४८ च्या किमान वेतन अधिनियमाने अशी सूट दिली नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा वेतन संहिता, २०१९ ने घेतली. महाराष्ट्रात हॉटेल कामगारांचे मूळ दर परिमंडळ आणि कौशल्याप्रमाणे ठरतात, आणि त्यावरचा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. फलकावरचा दर आणि हातात पडणारी रक्कम एकच असेल, असे मात्र धरून चालू नये.

टीप पगार नव्हे, ही गोष्ट कराच्या अंगानेही स्पष्ट झाली आहे. ग्राहकाने स्वखुशीने दिलेली टीप मालकाने कामगारांत वाटली तरी ती त्यांचा पगार ठरत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला. बिलात परस्पर ‘सर्व्हिस चार्ज’ जोडू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये बजावले. खान्देशातल्या साध्या खानावळीत हा चार्ज मुळात क्वचितच दिसतो. तिथला बदल वेगळा आहे. पूर्वी बडीशेपेच्या बशीत पाच-दहा रुपये सुटे राहायचे. आता गल्ल्यावरच्या क्यूआर कोडवर बिलाइतकीच रक्कम जाते, आणि तीही मालकाच्या खात्यात.

बाजार समितीतल्या हमालांसाठी १९६९ चा माथाडी कायदा आहे. मंडळात नोंद झालेल्या हमालाची मजुरी मंडळामार्फत मिळते, त्यामुळे चहापाणी खरोखरच वरचे राहते. भुसावळसारख्या जंक्शनवरच्या परवानाधारक हमालाला मात्र पगार नाही. रेल्वे ओझ्याचा दर ठरवून देते, प्रत्यक्ष आकडा जिन्यापाशी ठरतो.

सर्वांत मोकळी खुशी लग्नसराईत वाहते. खापरावर मांडे करणाऱ्या बायकांचा दर आधी बोललेला असतो. काम उरकल्यावर यजमानीण कुंकू लावून ओटी भरते, आणि ओटी दरात धरली तर त्याची चर्चा गावभर होते. वाढप्यांचे वेगळे. ते केटररकडे रोजावर येतात, त्यांची खुशी मुकादमाच्या हाती जाते, आणि रात्री भांडी टेम्पोत चढल्यावर तो वाटेल तेवढी त्यांची.