कॉन्व्हेंट (ग्रामीण विदर्भ)

ग्रामीण विदर्भात कॉन्व्हेंट म्हणजे इंग्रजी माध्यमाची कुठलीही खासगी शाळा, मुलंमुली एकत्र, सकाळी गाडीत बसून जायचं आणि शाळा सुटली की घरी. मूळ अर्थ ननांचा मठ, पण यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा-दिग्रसकडे कुणी "पोट्ट्याले कॉन्व्हेंटात टाकलं" म्हटलं तर त्यात नन कुठेच नसते, ऑफिसात सरस्वतीचा फोटो असतो, जिजाऊंचा असतो, आणि पाटीवर एखाद्या संताचं नाव लिहून पुढे कॉन्व्हेंट लावलेलं असतं. पुण्या-मुंबईचे पाहुणे ती पाटी वाचून हसतात, इथे कोणाला त्यात काही वेगळं वाटत नाही.

शब्द आला तो नागपूरकडून. इंग्रजांच्या काळात मिशनऱ्यांनी तिथे शाळा काढल्या, बिशप कॉटन १८६३ ची, सेंट फ्रान्सिस डी सेल्स १८७० ची, मग ननांच्या मुलींच्या शाळा आल्या, आणि साहेबाची पोरं जिथे जातात ते कॉन्व्हेंट असं लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं. खेड्यात मात्र शंभरेक वर्षं याचा काही संबंध नव्हता. तिथे दोनच शाळा, चौथी-सातवीपर्यंत जिल्हा परिषदेची आणि पुढे संस्थेची. संस्थेची म्हणजे अनुदानित हायस्कूल, ज्यात पंजाबराव देशमुखांनी १९३२ साली अमरावतीत काढलेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेचं नाव पहिलं घ्यावं लागतं, कारण वऱ्हाडातल्या कास्तकाराच्या पोरांना मॅट्रिकपर्यंत नेलं ते अशा संस्थांनी. आणि गंमत अशी की शिक्षण मातृभाषेतून आणि हाताच्या कामातून द्यावं हा ठराव पण १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये इथेच, वर्ध्याच्या परिषदेत, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली झाला. त्या नई तालीमची सेवाग्रामची आनंद निकेतन शाळा २००५ पासून परत सुरू आहे, ती पण खासगी, पण मराठी माध्यमाची. तिला कोणी कॉन्व्हेंट म्हणत नाही.

गावोगावी कॉन्व्हेंट उगवली ती गेल्या वीस-पंचवीस वर्षांत. सरकारने २००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणलं, तेव्हा आईबापांना जे कळायचं ते कळलं, की आता इंग्रजीशिवाय काही खरं नाही, मग थोडी कशाला, सगळीच इंग्रजी घ्या. दुसरं कारण शिकवायला माणसं मिळाली. डीएड कॉलेजं भरमसाट निघाली होती आणि २०१२ पासून काही वर्षं शिक्षक भरती बंदच होती, त्यामुळे गावात डीएड झालेली सून आणि बीएड झालेला मुलगा घरी बसून. तिसरं म्हणजे त्याच २०१२ चा स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा, अनुदान मागणार नाही असं लिहून द्या आणि शाळा काढा.

काढायची पद्धत ठरलेली आहे. आधी संस्था, १८६० च्या कायद्याने तिला सात माणसं लागतात, ती नवरा, बायको, भाऊ, साळा, दोन मित्र आणि एक रिटायर्ड मास्तर अशी जमतात. नाव बहुतेक वेळा 'बहुउद्देशीय', म्हणजे उद्या शाळेऐवजी गोशाळा काढायची ठरली तर अडचण नको. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी झाली की रोडला लागून भाड्याचं घर किंवा टिनाच्या चार खोल्या, भिंतीवर मिकी माऊस आणि एबीसीडी, आणि पहिल्या वर्षी फक्त नर्सरी, कारण पहिलीच्या आधीच्या वर्गांना इतकी वर्षं मान्यतेची भानगडच नव्हती. विदर्भात एलकेजी-यूकेजी फारसं कोणी म्हणत नाही, केजी वन आणि केजी टू म्हणतात. मग पोरं वर सरकतात तसा दरवर्षी एक वर्ग वाढतो, पहिलीपासून मान्यता लागते, यूडायस नंबर म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा नंबर लागतो, तेव्हा संचालक साहेबांच्या यवतमाळ-अमरावतीच्या चकरा सुरू होतात.

मुलंमुली एकत्र हे धोरण वगैरे नाही, वेगळे वर्ग करायला पोरंच पुरत नाहीत. तरी बाकांची लाइन वेगळी असतेच, आणि पोराला कॉन्व्हेंट अन् त्याच्याच बहिणीला जिल्हा परिषद अशी घरं अजून आहेत. फी एकाचीच झेपते म्हणतात, पण तो एक बहुतेक वेळा मुलगाच निघतो.

शाळेचा जीव गाडीत असतो. मॅजिक, ओमनी, जुनी क्रूझर, जे असेल ते. स्कूल बसचे राज्याचे नियम २०११ पासून आहेत, पिवळा रंग, अटेंडंट सगळं, खेड्याच्या रोडवर त्यातलं किती दिसतं ते सकाळी आठ वाजता फाट्यावर उभं राहून बघावं. ड्रायव्हर हा शाळेतला सगळ्यात महत्त्वाचा माणूस, कोणत्या पोराचा बाप कुठे कामाला गेलाय आणि आज घरी फक्त आजी आहे हे त्यालाच माहीत. गाडी तांड्यावरून निघते, दोन गावं घेते आणि शाळेत येते, म्हणजे केजी वनचं बंजारा पोरगं घरी गोरमाटी बोलतं, गाडीत वऱ्हाडी, आणि वर्गात "मे आय गो टू टॉयलेट मॅम". हे एवढं वाक्य सगळ्यांना पाठ असतं आणि ते वाक्य बोलल्याशिवाय सोडत नाहीत, त्यामुळे पहिल्या महिन्यात चड्ड्या ओल्या होतात.

डायरी हा दुसरा प्रकार. मॅडम रोज त्यात इंग्रजीत गृहपाठ लिहून देतात, आईला मराठी वाचता येतं पण हे नाही, मग ती डायरी मोबाईल रिचार्जच्या दुकानात जाते, दुकानदार पोरगा वाचून सांगतो, "काकू, उद्या पान आणायला सांगतलं, झाडाचं." टिफिनचं पण टाइमटेबल असतं, सोमवारी पोळी-भाजी, मंगळवारी पोहे, शनिवारी इडली. निंदणाच्या दिवसांत जी बाई सकाळी सातला वावरात निघते ती इडली कुठून करणार, डब्यात फोडणीची पोळीच येते, आणि डबे सगळ्यांचे मिळून खाल्ले जातात म्हणून निभतं.

वर्षाचं गणित उन्हाशी आणि पिकाशी बांधलेलं. राज्यात शाळा १५ जूनच्या आसपास लागतात, विदर्भात जूनच्या शेवटाकडे, कारण टिनाखाली ४४-४५ डिग्रीत पोरं बसवता येत नाहीत. पोळ्याचा दुसरा दिवस तान्ह्या पोळ्याचा, त्याची तयारी कॉन्व्हेंटमध्ये गॅदरिंगएवढीच जोरात. लाकडी नंदीबैल, चाकं लावलेले, शिंगांना बेगड, धोतर-फेटा घातलेली पोरं आणि नऊवारीतल्या पोरी ते दोरीने ओढत मैदानात आणतात, एकाचं चाक निघतं, तो रडतो, आणि बक्षीस शेवटी सगळ्यात मोठा बैल आणणाऱ्याला जातं, ज्याचे वडील बहुतेक कृषी केंद्रवाले असतात. मला विचाराल तर इंग्रजी शाळेतला सगळ्यात मराठी दिवस हाच.

फी तीन-चार हप्त्यांत ठरते पण येते पिकावर. सोयाबीन निघालं की थोडी, कापूस विकला की बाकीची. भाव पडला की ऑफिसात "पुढच्या वेच्याले देतो" ऐकायला मिळतं आणि संचालक पण ऐकून घेतात, कारण त्यांचा स्वतःचा कापूस पण घरातच पडलेला असतो. याचा मार शेवटी बसतो मॅडम लोकांवर. खासगी शाळा कर्मचाऱ्यांचा १९७७ चा कायदा मान्यताप्राप्त विनाअनुदानित शाळांनाही लागू आहे, त्याप्रमाणे पगार सरकारी श्रेणीचा हवा, प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी तो चार आकडी आणि मे महिन्यात तोही नाही. माझ्या ओळखीच्या एका मॅडमला एका कॉन्व्हेंटमध्ये दिवाळीचा पगार होळीला मिळाला होता, तो पण दोन तुकड्यांत.

सरकारकडून पैसा येतो तो आरटीईचा, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचा. २००९ च्या कायद्याने खासगी शाळेत सुरुवातीच्या वर्गात २५ टक्के जागा गरीब आणि वंचित घरच्या मुलांना, लॉटरी ऑनलाइन, फी सरकार भरणार. महाराष्ट्रात दर एका मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये, कोरोनात तो ८,००० केला होता. पैसे वर्षानुवर्षं थकतात ही संस्थाचालकांची रड, आणि आरटीईच्या पोराकडून ड्रेस-पुस्तकं-गाडीच्या नावाने घेतातच ही पालकांची रड, दोन्ही खऱ्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने नियम बदलला होता, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगीला यातून सूट, तो हायकोर्टाने त्याच वर्षी जुलैत रद्द केला. तो टिकला असता तर खेड्यातल्या कॉन्व्हेंटमधला आरटीई जवळपास संपलाच होता, कारण जिल्हा परिषदेची शाळा नाही असं गाव शोधावं लागेल.

कोरोनाने बरीच कॉन्व्हेंट बंद पाडली. ऑनलाइनला घरात एक मोबाईल, तो बापाच्या खिशात, गाड्या दारात उभ्या, ड्रायव्हर भाजी विकायला लागले. पोरं परत जिल्हा परिषदेत गेली. हे देशभर झालं, प्रथम संस्थेच्या 'असर' पाहणीत ६ ते १४ वयाची सरकारी शाळेतली मुलं २०१८ मध्ये ६५.६ टक्के होती ती २०२२ मध्ये ७२.९ झाली.

पोरं तशी एरवीही परत जातात, चौथीनंतर किंवा आठवीनंतर. गणित इंग्रजीत झेपेना, घरी सांगणारं कोणी नाही, मग संस्थेच्या हायस्कूलात सेमी, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीत आणि बाकी मराठीत. तेव्हा टीसी लागते, आणि टीसी थकलेल्या फीवर अडते. आठवीपर्यंत टीसी नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही असं कायदा म्हणतो, हायस्कूलचे सर पण म्हणतात, बसवा पोराला. पण ऑनलाइन नाव जुन्याच शाळेत असतं, नव्या शाळेने रिक्वेस्ट टाकायची, जुनीने ती सोडायची, आणि तोवर पोरगं बसतं एका वर्गात अन् कॉम्प्युटरमध्ये असतं दुसऱ्या शाळेत. बाप कापूस विकून येतो, बाकी भरतो, दुसऱ्या दिवशी नाव सुटतं.