मेनलाइन आणि स्टेबल: आकडा मोठा म्हणून कर्नेल सुरक्षित होत नाही

राळेगाव तालुक्यातल्या आमच्या वाचनालयात डेबियन १२ या लिनक्स सिस्टीमवर चालणारे चार कॉम्प्युटर आहेत. दर महिन्याला एखादं पोट्टं येऊन सांगतं, "भाऊ, कर्नेल लय जुनं हाय, ६.१ च हाय. नवीन टाका ना." कर्नेल म्हणजे सिस्टीमचा गाभा, हार्डवेअर आणि प्रोग्राम यांना जोडणारा. तेच तेच समजावून थकलो, म्हणून एकदा लिहूनच ठेवतो.

मेनलाइन म्हणजे कर्नेलची मुख्य शाखा. लिनक्स सुरू करणाऱ्या लायनस टोरवाल्ड्सची, नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती. नव्या सोयी तिथं येतात, नव्या चुकाही तिथूनच शिरतात.

स्टेबल म्हणजे आधीच निघालेल्या आवृत्तीत फक्त दुरुस्त्या घालत राहणारी शाखा. तिला मात्र लोक 'मागे पडलेली मेनलाइन' समजतात, आणि तिथंच सगळा घोळ होतो. मेनलाइन ही दर हंगामाची नवी पेरणी. स्टेबल म्हणजे उभ्या कपाशीत नांग्या भरणं: रोप गेलं तिथंच पुन्हा टोबायचं, बाकीच्या शेताला हात लावायचा नाही. हे काम ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि साशा लेविन बघतात. दुरुस्ती आधी मेनलाइनमध्ये गेलेली हवी, खरी अडचण सोडवणारी हवी, आणि आजूबाजूच्या ओळी धरून १०० ओळींत बसायला हवी, असे त्यांचे नियम आहेत.

२०२२ मधलं डर्टी पाइप बघा, कर्नेलमधली सुरक्षेची एक चूक. साध्या वापरकर्त्याला फक्त वाचायची मुभा असलेल्या फाइलीत लिहिता येत होतं. चूक ५.८ मध्ये शिरली होती. दुरुस्ती ५.१६.११, ५.१५.२५ आणि ५.१०.१०२ अशी तिन्ही शाखांत आली. म्हणजे ५.१०.१०२ वाला निर्धास्त आणि ५.१६.१० वाला उघड्यावर! म्हणून तुलना आपल्याच शाखेत करायची, आणि तीही शेवटच्या आकड्याची.

डेबियनचा तर हा आकडाही फसवतो, आणि याचा मला फार राग येतो. टर्मिनलमध्ये 'युनेम -आर' (uname -r) ही आज्ञा टाकली की ६.१.०-१८ असं काहीतरी दिसतं, पोट्टे तो शून्य बघून घाबरतात. 'युनेम -व्ही' (uname -v) टाका, तिथं ६.१.७६ असा आकडा दिसेल. खरा आकडा तो.

मेन्टेनर, म्हणजे कर्नेलचा एखादा भाग सांभाळणारा माणूस, बदलला की ड्रायव्हर (उपकरण चालवणारा कोड) बंद पडणार, हीसुद्धा अशीच आवई. २०२५ मध्ये क्रिस्टोफ हेलविग डीएमए मॅपिंगच्या (उपकरणांना थेट मेमरी वापरू देणाऱ्या भागाच्या) जबाबदारीतून बाजूला झाले, काम मारेक शिप्रोव्स्की यांच्याकडे गेलं. कोड जागच्या जागी आहे.

वाचनालयात मी ६.१ च ठेवणार. ते डिसेंबर २०२२ चं, दीर्घकाळ सांभाळायच्या शाखांपैकी एक. तुम्ही फक्त अपडेट चुकवू नका, आणि अपडेट झाल्यावर मशीन रीस्टार्ट करा. लॅपटॉपचं झाकण नुसतं मिटून भागत नाही, रीस्टार्ट होईपर्यंत आत जुनंच कर्नेल चालू असतं.