पॅक्सिनोस-वॉटसन : एका नकाशासंग्रहाच्या सायटेशनमागची गोष्ट

मेंदूविज्ञानात सर्वाधिक सायटेशन, म्हणजे इतर शोधनिबंधांतले दाखले, मिळालेल्या कामांमध्ये एक पुस्तक असं आहे, ज्यात एकही सिद्धान्त मांडलेला नाही. ‘द रॅट ब्रेन इन स्टिरिओटॅक्सिक कोऑर्डिनेट्स’ हा जॉर्ज पॅक्सिनोस आणि चार्ल्स वॉटसन यांचा अ‍ॅटलास, म्हणजे रॅटच्या मेंदूचा नकाशासंग्रह, 1982 मध्ये निघाला. सगळ्या आवृत्त्या मिळून त्याचे दाखले 50 हजारांच्या पुढे गेले आहेत.

पॅक्सिनोस यांचा जन्म 1944 चा, ग्रीसमधल्या इथाका बेटावरचा. बर्कलेला मानसशास्त्र शिकून ते मॅकगिल विद्यापीठात गेले. तिथे मूळच्या पंजाबच्या दलबीर बिंद्रांसोबत त्यांनी रॅटच्या हायपोथॅलॅमस या मेंदूच्या तळाकडच्या भागातले मार्ग बारीक पात्याने छेदून भूक, तहान आणि आक्रमकता यांवर काय परिणाम होतो ते तपासलं. या कामात पातं मिलिमीटरभर जरी सरकलं, तरी निष्कर्ष भलत्याच भागाच्या नावावर जमा होतो. पुढे ते सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात आले.

नेमक्या जागी पोचण्याचं तंत्र जुनंच. हॉर्स्ली आणि क्लार्क यांनी 1908 मध्ये डोकं घट्ट धरणारी ‘स्टिरिओटॅक्सिक’ चौकट वर्णन केली होती. रॅटचे अ‍ॅटलासही होते. पण 1963 चा कोनिग-क्लिपेल अ‍ॅटलास सुमारे 150 ग्रॅमच्या लहान माद्यांवर बेतलेला, आणि चौकटीत डोकं किती कलतं ठेवायचं हे प्रत्येक अ‍ॅटलासमध्ये वेगळं. प्रयोगाला घेतलेला प्रौढ नर त्याच्या जवळजवळ दुप्पट वजनाचा, मग आकडे जुळणार कसे? पॅक्सिनोस-वॉटसन यांनी सरासरी 290 ग्रॅमचे, विस्टार या प्रयोगशाळेतल्या वाणाचे नर घेतले आणि कवटी सपाट ठेवली. मोजमाप कवटीच्या सांध्यांवरच्या ब्रेग्मा व लॅम्डा या खुणांवरून आणि दोन्ही कानांमधल्या रेषेवरूनही दिलं. पेशी दाखवणाऱ्या नेहमीच्या निस्ल रंगाबरोबर अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज या विकराचं स्टेनिंगही (काप रंगवणं) केलं. त्यात एरवी एकमेकांत मिसळून गेल्यासारखी दिसणारी केंद्रकं, म्हणजे चेतापेशींचे पुंजके, वेगळी उठून दिसतात.

सायटेशन वाढलं ते इथून. रॅटच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवला किंवा औषध टोचलं, की ‘ब्रेग्मापासून इतकं मागे, मध्यरेषेपासून इतकं बाजूला, इतकं खोल’ हे पद्धतीच्या परिच्छेदात लिहावंच लागतं. हे आकडे कुठून घेतले, तेही सांगावं लागतं. त्यामुळे व्यसनावरचा शोधनिबंध असो, झोपेवरचा की अपस्माराचा, दाखला याच पुस्तकाचा. हा आकडा एखाद्या कल्पनेच्या प्रभावाचा नाही, रोजच्या वापराचा आहे. म्हणून तो दुय्यम ठरवणारे मला पटत नाहीत. ज्याच्या भरवशावर सुई आत जाते, त्या कामाचं मोल आणखी कशाने मोजायचं?

दुसरा मोठा वाटा नावांचा. केंद्रकांच्या संक्षेपांना मोठं आद्याक्षर आणि तंतुमार्गांना लहान, ही शिस्त त्यांनी पाळली. पुढे माउस, माकड आणि माणूस यांच्या अ‍ॅटलासमध्येही तीच नावं शक्य तितकी कायम ठेवली. रॅटमधला निष्कर्ष माणसाच्या मेंदूशी ताडून पाहणाऱ्याला त्यामुळे नवी परिभाषा घोकावी लागत नाही. माउसचा अ‍ॅटलास 1997 मध्ये कीथ फ्रँकलिन यांच्यासोबत आला.

स्टेन केलेले काप तासन्‌तास न्याहाळायचे आणि सीमारेषा आखायच्या, हे काम पॅक्सिनोस यांनी सोडलं नाही. 2018 मध्ये त्यांनी मानवी मेंदूत, लहान मेंदूला जोडणाऱ्या तंतूंच्या खालच्या दांड्यात, एन्डोरेस्टिफॉर्म हे नवं केंद्रक नोंदवलं. ऱ्हीसस माकडात ते त्यांना आढळलं नाही. बोटांच्या बारीक हालचालींशी त्याचा संबंध असावा, असा त्यांचा कयास आहे.